वेळ संपत आल्याची धून

ताईचा पोरगा पुण्याला शिकतो, आणि शिकता शिकता संगीतही करतो असं त्याचं म्हणणं आहे. मागच्या दिवाळीत आला तो कानावर टोपल्याएवढे हेडफोन घालून. मला म्हणाला, मावशी, हल्ली जुन्या व्हिडिओ गेमच्या धुनांचे रिमिक्स करतात, त्याला रेट्रो म्हणतात, जाऊ दे, तुला नाही समजायचं. मी म्हटलं बरं बाप्पा, नाही समजत, तू चिवडा खा. त्याची आई शेजारी बसून लसूण सोलत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं, आणि दोघींनाही इतकं हसू आलं की लसणाची टोपली लवंडली. आपल्या आईचं लग्न कोणत्या धुनेवर लागलं, हे त्या विद्वानाला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मला वाटायचं ताई सांगेल, ताईला वाटायचं मी सांगेन. आता माझे गुडघे कुरकुरायला लागलेत आणि ताईची स्मरणशक्ती तिच्या सोयीनं चालते, तेव्हा लिहूनच टाकते.

मारेगावात आमच्या बाबांचं बिछायत केंद्र होतं. मांडव, सतरंज्या, गाद्या, कनाती, पातेली आणि मुख्य म्हणजे लाऊडस्पीकर. आमचं घर म्हणजे दोन खोल्यांचं गोदाम, आणि उरलेल्या जागेत आम्ही राहायचो. लगनसराईत गाद्या भाड्यानं जायच्या, तेव्हा आम्ही फरशीवर झोपायचो, आणि पावसाळ्यात धंदा बसला की एकावर एक गाद्या रचून राजासारखे. सकाळी उतरताना मी कित्येकदा पडलेय. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली अ‍ॅम्प्लिफायर. सकाळी वंदना झाली की बाबा त्याच कपड्यानं तसबीर पुसायचे आणि त्याच कपड्यानं अ‍ॅम्प्लिफायर. त्याला ते ‘मशीन’ म्हणायचे. मशीनला हात लावायची परवानगी घरात फक्त त्यांना होती. आईनं एकदा त्यावर सांडगे वाळत घातले होते, तो विषय माझ्या लहानपणात दर उन्हाळ्याला निघायचा.

दुरुस्तीच्या नावाखाली मशीन घरात चालूच असायचं, आणि बाबांना माइक हातात आल्यावर साधं बोलताच यायचं नाही. चहा हवा असला तरी हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, चहा. आई चुलीपुढून ओरडायची, आधी दुधाचं टेस्टिंग करा, संपलं हाये. सगळी गल्ली ऐकायची. आंबाडीची भाजी आज आंबट झाली, हे आमच्याआधी शेजाऱ्यांना कळायचं. आई भाकरी थापायची त्या आवाजावर बाबा स्पीकरचा तोल तपासायचे. भाकरीचा आवाज बसका आला की स्पीकर खराब, खणखणीत आला की चांगला. मी हे भाच्याला सांगितलं तर तो त्याला काहीतरी इंग्रजी नाव देईल. मला आवाजाचं जे काही कळतं ते तिथं चुलीजवळ कळलं.

ते दिवस कापूस मेल्याचे दिवस होते. त्याविषयी ज्यांनी लिहायचं त्यांनी खूप लिहिलंय, बरेच जण मोटारीतून न उतरता. मी फक्त भोंग्यांच्या बाजूनं सांगते. लग्नं आटली. आणि भाषणं वाढली. आज मेळावा, उद्या मोर्चा, परवा कुठल्यातरी पथकाची पाहणी. पथक बांधावर पाच मिनिटं उभं राहायचं आणि त्या पाच मिनिटांसाठी बाबा पहाटेपासून खांब रोवायचे. मुंबईचे आले, दिल्लीचे आले, गॉगलवाले आले, खादीवाले आले. जो येईल तो आमच्या माइकवर टिचक्या मारून आधी माइक चालू आहे का ते पाहायचा आणि मग गळा दाटून आणायचा. बाबांना याची लाज वाटायची. कमाई होत होती, पण कशाची होत होती ते त्यांना कळत होतं. एकदा जेवताना ते म्हणाले, लोकाईच्या घरी चूल पेटत नाई आन आपल्या घरी भोंग्यावर घर चालून राह्यलं. आई म्हणाली, कापूस नाई पिकत तर भाषण पिकून राह्यलं, ज्याचं पीक त्याची मजुरी, जेवा. बाबा जेवले, पण त्या दिवशी पुन्हा वाढून घेतलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई आणि मी मामाकडे वणीला जायचो. वणी म्हणजे कोळसा. मामीच्या पोह्यांवर तर्री पडायच्या आधी काळी धूळ पडलेली असायची. मामानं ट्रकवाल्यांच्या रस्त्यावर व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. तीन टीव्ही, तीन खोके, आणि पोरांच्या घामाचा वास. गेमच्या कॅसेटीवर लिहिलेलं असायचं ‘लाख गेम’. आत निघायचे सात. तेच सात पुन्हा पुन्हा, दर वेळी नाव वेगळं, एकात माणूस निळा, दुसऱ्यात हिरवा. कापूसवाल्यांसाठी पुढे एकामागून एक पॅकेजं जाहीर झाली ना, तेव्हा मला त्या कॅसेटीची फार आठवण यायची. कॅसेट चालली नाही की मामा ती काढून आत जोरात फुंकर मारायचा, कोळशाची धूळ त्याच्याच डोळ्यात जायची, आणि तो सगळ्या जपानला शिव्या घालायचा.

त्या सातांतला आमचा लाडका म्हणजे उड्यावाला. एक बुटका गडी, खड्डे ओलांडत, भिंतींवर चढत पळत सुटतो. मागं एक धून वाजत राहते. वेळ ठरलेली असते, आणि वेळ संपत आली की तीच धून दुप्पट वेगानं वाजायला लागते, तिला पोरं ‘घाईची’ म्हणायची. ती लागली रे लागली की दुकानातली सगळी पोरं खेळणाऱ्याच्या पाठीवर थापा मारायची आणि ओरडायची, भाग बे, टाइम चाल्ला. उड्यावाला मेला की एक रडकी छोटी धून, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा, आमच्या वयाच्या ज्या पोरांनी शाळा बुडवली त्या सगळ्यांच्या डोक्यात या तीन धुना राष्ट्रगीतापेक्षा पक्क्या बसलेल्या होत्या.

ताई त्या दुकानातली सगळ्यात तरबेज खेळाडू होती, आणि मुलगी असल्यामुळे हे कोणी मान्य करत नसे. तिचा हात शांत. पोरं नुसती बटणं बडवायची, ती वाट पाहायची. घरातही तशीच. आई ओरडली की मी उलट बोलायचे, ताई उभी राहायची, आईचं संपेपर्यंत. लोक तिला गरीब म्हणायचे. ती गरीब नव्हती, ती बेत करत असायची. हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि भाऊजींना अजून नीटसं कळलेलं नाही.

रिमिक्सचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते चंद्रपूरच्या डीजेमुळे. जी काही लग्नं होत होती, त्यांत पोरांना आमचे कर्णे नको होते, डीजे हवा होता. ट्रकवर काळ्या पेट्यांची भिंत, आणि तिच्यामागं गळ्यात जाड साखळी घातलेला एक जण, ज्याला हात वर करण्यापलीकडे काही करावं लागत नसे. बाबा म्हणायचे, हे वाजवणं नाई, हे छाती फोडणं हाये. म्हणायचे आणि मागं पडत जायचे. मामानं तेव्हा कॉम्प्युटर क्लास काढायचा म्हणून एक कॉम्प्युटर आणला होता. क्लासला येणाऱ्यांना गेमच खेळायचे होते, म्हणून क्लास बुडाला आणि कॉम्प्युटर मोकळा झाला. त्यात कोणीतरी गाणी कापायचं आणि जोडायचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. गेमच्या खोक्यातून दोन पिना निघतात, पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. मी पांढरी पिन काढून कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात खुपसली. एवढंच. आता याला पुण्यात कोर्स असतो म्हणे.

पण धून भरून घेणं सोपं नव्हतं. उड्यावाला हलला की टुंय, नाणं घेतलं की टिंग, आणि ते सगळं धुनेत मिसळायचं. कोरी धून पाहिजे तर त्याला न हलवता उभं ठेवायला हवं. आणि उभं ठेवलं की समोरून कोणीतरी येऊन त्याला मारतं. मी वैतागले. ताईनं माझ्या हातातून रिमोट घेतला, त्याला एका उंच खांबावर चढवलं जिथं कोणाचा हात पोचत नाही, आणि अंगठा बटणावर न दाबता ठेवून बसली. खाली शत्रू येऊन खांबाला धडकून परत जात होते, वर हा बुटका नुसता उभा, आणि माझी धून कॉम्प्युटरमध्ये स्वच्छ भरत होती. शेवटी वेळ संपत आली, धून पळायला लागली. मी म्हटलं, हलव ना व आता. ताई म्हणाली, ‘थांब ना बबे. घाईची पुरी भरू दे. मंग हलतो.’ आणि अगदी शेवटच्या क्षणी तिनं त्याला उडवलं. तिला काही पडलं नव्हतं, माझ्या कपाळाला मात्र घाम होता.

त्या धुनेखाली मी धुमालचा ठेका घातला. धुमाल म्हणजे आमच्याकडची वरातीची पार्टी, नगारे, ताशे आणि एक कॅसिओवाला, ज्याला कोणतंही गाणं द्या, तो त्याला नागीण करून परत देतो. वरून ताशा, आतून टिंडिंग टिंडिंग. मामाच्या दुकानातली पोरं ऐकून बाकांवर चढली. मामीनं भाजीचा चमचा घेऊन ठेका धरला. मी सीडीवर हे गाणं भरलं, तिन्ही धुना सुट्याही भरल्या, आणि मारेगावला आले ती डोकं आभाळात घेऊन. बाबांनी पूर्ण ऐकली, मशीनवर, मान खाली घालून. मग म्हणाले, सायकलची घंटी बिघडली की असं वाजते. मी दोन दिवस जेवले नाही. खरं म्हणजे एकच दिवस, दुसऱ्या दिवशी आईनं पातोडीचा रस्सा केला होता. पण ताईनं माझी बाजू घेतली. तिनं आयुष्यात काही मागितलेलं नव्हतं, म्हणून ती मागायला उभी राहिली तेव्हा सगळे घाबरले. म्हणाली, माह्या लग्नात हेच वाजन, आन मशीनवर बबी बसन. बाबांनी हो म्हटलं. लग्न लांब आहे असं त्यांना वाटत होतं.

लांब नव्हतं. त्याच उन्हाळ्यात जमलं. मुलगा वणीचा, विलास, जिनिंगमध्ये कामाला, म्हणजे कापूस आला तर कामाला. मामाच्या दुकानात पडीक असायचा आणि पहिल्याच खड्ड्यात मरायचा. ताईनं त्याला एकदा खड्डा ओलांडून दिला होता, तिथून गोष्ट सुरू झाली असा माझा संशय आहे. दोन्हीकडची परिस्थिती यथातथा, पण बाबांची एकच हौस होती. अर्ध्या तालुक्याचे मांडव टाकलेत, पोरीचा मांडव असा टाकीन की लोक नाव घेतील. आणि त्याच सुमारास भाऊंनी सामूहिक विवाह सोहळा काढला.

भाऊंविषयी सांगायला हवं. भाऊंची जिनिंग होती, कॉलेज होतं, पेट्रोल पंप होता आणि शेतकऱ्यांविषयी कळवळा होता. निवडणूक जवळ आली की कळवळा वाढायचा. आमच्या तिकडच्या बहुतेक सभा भाऊंच्या, आणि त्या सगळ्या सभांचे भोंगे बाबांचे. सोहळ्याचा मांडवही बाबांकडेच आला. पोस्टरवर जोडप्यांचा आकडा आधीच छापून झाला होता, जोडपी मात्र तेवढी भरत नव्हती. भाऊंचा माणूस घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, तुमच्या पोरीचं घेऊन टाकू त्यातच. हे विचारणं नव्हतं. बाबा रात्रभर नाही म्हणायचं ठरवत होते आणि सकाळी हो म्हणून आले. म्हणजे बघा, मांडव आमचा, भोंगे आमचे, सतरंज्या आमच्या, पोरगी आमची, आणि निमंत्रक भाऊ. आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती भांड्यांवर. प्रत्येक नवरीला भाऊंकडून स्टीलची भांडी होती आणि प्रत्येक भांड्यावर भाऊंचं नाव कोरलेलं. ताईकडं त्यातला पाणी भरायचा गुंड अजून आहे. त्याचं नावाचं अंग कायम भिंतीकडं असतं.

मला एकच दिसत होतं. मशीनवर मी बसणार होते. माझी धून सगळ्या तालुक्यासमोर, आणि मग बाबा मला सायकलची घंटी म्हणणार नव्हते.

नवरदेवांची वरात एसटी स्टँडपासून बाजार समितीच्या यार्डापर्यंत निघाली. यार्ड रिकामंच होतं, त्या वर्षी तिथं कापसापेक्षा नवऱ्या जास्त आल्या. सगळे नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये, फेट्यांत, वरून ऊन असं की फेटे नसते तर डोकी उकळली असती. सोबत ताशेवाले आणि एक साधा बँड, पुढे आमच्या टेम्पोवर कर्णे, आणि त्यात मी, मशीनसमोर, बाबांच्या खुर्चीवर. सीडी लावली. आणि काय सांगू, पेटली हो वरात. बौद्धांची पोरं, तांड्यांवरची पोरं, कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे पाड्यांवरची पोरं, सगळी एका ठेक्यावर. म्हाताऱ्यांना कळेना की हे कोणतं गाणं, आणि पोरांना कळलं म्हणून त्यांना आवरेना. बाबा टेम्पोच्या मागं चालत होते, आणि त्यांचा अंगठा पँटच्या शिवणीवर ठेका धरत होता. मी पाहिलं.

पण मी एक अक्कल पाजळली होती. प्रत्येक फेरीच्या शेवटी मी उड्यावाल्याची मरायची धून जोडली होती. का? तर छान वाटते म्हणून. कलाकार ना मी. ती रडकी धून वाजली आणि पुढची पोरं एकदम थांबली. एक जण म्हणाला, मेला बे, पहिल्यापासून. आणि पोरं वळली आणि पळत सुटली एसटी स्टँडकडे. नाचणारे वळले म्हणून ताशेवाले वळले. पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं काय समजून घेतलं देव जाणे, त्यानंही रिव्हर्स टाकला. दुसऱ्या फेरीत वरात पुन्हा निम्म्यापर्यंत आली, पुन्हा धून, पुन्हा मेला, पुन्हा स्टँड. मी घाबरून बटणं दाबत होते आणि सीडी काही थांबत नव्हती. चौकातला पोलीस वाकून वाकून हसत होता. तिकडं यार्डात भाऊ व्यासपीठावर बसून वाट पाहत होते, आणि वाट पाहायची त्यांना सवय नव्हती. शेवटी बाबा टेम्पोवर चढले, पिन उपटली, आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, ‘उतर खाली. बायांत जाऊन बस. मशीनले हात लावला तं पाहून घे.’ एवढ्या आवाजात बाबा माझ्याशी माइकवरसुद्धा कधी बोलले नव्हते. मी उतरले. वरात साध्या बँडवर, माना खाली घालून, यार्डात पोचली.

यार्डात आधी विधी झाले. कोपऱ्याकोपऱ्यात, ज्याचे त्याचे. इकडं भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, तिकडं भटजींनी मंगलाष्टकं म्हटली, तांड्यांवरच्या जोडप्यांचं त्यांच्या नायकानं उरकलं. राहिले फक्त हार. हार मात्र सगळ्यांनी एकदम घालायचे होते, भाऊंनी इशारा दिल्यावर, कारण पेपरवाल्यांना फोटो हवा होता. त्यासाठी सगळ्या नवऱ्या एका रांगेत, समोर नवरदेव, हातात हार, आणि मध्ये भाऊंचं भाषण. बाबा व्यासपीठाच्या बाजूला मशीन मांडून बसले होते. मी सांगितल्याप्रमाणे बायांत, पण त्यांच्यापासून फार लांब नाही.

भाऊ बोलायला लागले. पांढरं सोनं इथून सुरुवात. मग बळीराजा. मग दिल्ली कशी बहिरी आहे. मग त्यांचे वडील. मग पुन्हा पांढरं सोनं. मांडवाचं जाड कापड फक्त व्यासपीठापुरतं होतं, रांगेवर ऊन थेट येत होतं. हार घातल्याशिवाय नवरीनं अन्न घ्यायचं नाही हे आईचं शास्त्र, त्यामुळे ताईच्या पोटात सकाळपासून फक्त चहा. तिच्या शेजारची तांड्यावरची नवरी, अंगावर किलोभर दागिने, मटकन खाली बसली. भाऊंचा एक कार्यकर्ता धावत आला. मला वाटलं पाणी घेऊन आला. तो त्या नवरीला म्हणाला, उभ्या राहा, फोटोत जागा रिकामी दिसते. ताईनं तिला हात देऊन उठवलं आणि आपल्या खांद्याला टेकवून घेतलं. ताईचे ओठ पांढरे पडले होते. तरी ती उभी होती, हार धरून, न हलता. भाऊ बोंडअळीवर आले होते, आणि बोंडअळी सावकाश खात होती.

मला रडू येत होतं. तो माइक बंद करायला बाबांना एक बोट पुरेसं होतं. पण त्या बोटावर आमचं वर्ष होतं, हेही मला कळत होतं. आई बाबांकडं बघत होती, काही न बोलता, आणि आईचं न बोलणं बाबांना गल्लीच्या त्या टोकावरूनही ऐकू यायचं. बाबांनी ताईकडं पाहिलं. मग खुर्चीवरून उठले, माझ्याजवळ आले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘मी वायर पाहून येतो. तू बस मशीनवर.’ दोन पावलं गेले आणि परत वळले. ‘घाईची लाव. हळू आवाजात, भाषणाच्या खालून.’ आणि खरंच वायर हातात घेऊन मांडवाच्या मागं निघून गेले. वायरीला काही झालेलं नव्हतं.

मी घाईची लावली. आधी इतकी बारीक की फक्त मलाच ऐकू येत होती. मग थोडी वर. टिडिंगटिडिंगटिडिंगटिडिंग. भाऊंना ती ऐकू आली की नाही ठाऊक नाही, पण त्यांच्या जिभेला ऐकू आली. त्यांचा वेग वाढला. बोंडअळी दोन वाक्यांत मेली. विहिरी, वीज, बियाणं, भाव, सगळी आश्वासनं एकमेकांना धक्के देत बाहेर पडायला लागली. मांडवाच्या मागच्या रांगांत कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग पोरांच्या घोळक्यातून आवाज आला, भाग बे, टाइम चाल्ला. मग दुसरीकडून. मग सगळा मागचा मांडव, भाग, भाग.

ताईनं मान वर केली. मी तिचा अंगठा पाहिला, हाराच्या दोऱ्यावर ठेवलेला, न दाबता. तिनं मशीनकडं पाहिलं, मला पाहिलं, आणि हसली. समोर विलास भाऊजींनी धून ओळखली होती, खड्डा समोर आल्यासारखा चेहरा केला होता. भाऊ म्हणत होते, जोपर्यंत माझ्या अंगात रक्ताचा शेवटचा थेंब आहे. तो थेंब पडायच्या आत ताई दोन पावलं पुढं गेली आणि तिनं भाऊजींच्या गळ्यात हार घातला. इशारा नाही, फोटो नाही, काही नाही. शेजारच्या तांड्यावरच्या नवरीनं क्षणभर पाहिलं आणि तिनंही घातला. मग तिच्या पलीकडची. मग अख्खी रांग, वाऱ्यानं ज्वारी वाकावी तशी, पुढं वाकली. अक्षता, फुलं, जे हातात होतं ते लोकांनी फेकलं, आणि टाळ्या अशा पडल्या की माझी धून बुडाली. भाऊ थांबले. टाळ्या आपल्यासाठी आहेत असं त्यांना वाटलं. वाटणारच. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले आणि खाली बसले. आईनं ताईच्या तोंडात तिथंच लाडू कोंबला.

बाबा वायर घेऊन परत आले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीवर होते. उठायला लागले तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. तेवढ्यात भाऊंचा माणूस आला, तोच, आमच्याकडं चहा प्यालेला. म्हणाला, भाषणात ते टिंगटिंग कोणं लावलं? बाबांना वायर लागली म्हणता आलं असतं. वायर हातातच होती. सीडी आपोआप लागली म्हणता आलं असतं. बाबा म्हणाले, ‘माह्या पोरीनं लावलं. आतापासून मशीनवर थेच बसते.’ आणि उभे राहिले, वर्षभराचा धंदा गेला असं समजून, एकदम ताठ. तो माणूस आमच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, भाऊले लय आवडलं. म्हणते जोश आला. पुढच्या सभेले बी लावजा.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, पुढच्या सभेला काय लावू. बाबा ताईच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत भाकरी खात होते. म्हणाले, ‘मले कायले पुसतं? मशीनवर तू बसतं ना.’ पुढची सभा वणीला झाली. मैदान भरलेलं, मागं सगळी कोळशाची, कापसाची, मामाच्या दुकानातली पोरं. भाऊ उठले, माइकवर टिचकी मारली, गळा दाटून आणला, आणि मी मरायची धून लावली. मागच्या रांगा उठल्या आणि जिथून आल्या होत्या तिकडं शांतपणे चालायला लागल्या. बाबा तेव्हा वायर पाहायला गेले होते.